गिअरबॉक्समधलं लाल तेल

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं होतं, की ज्याला ज्यातलं कळतं त्याने त्यावर वीस मिनिटं बोलावं, आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं बोलावं. काल आपल्या डॉक्टर मित्राने साखरेबद्दल सांगितलं, बँकेतल्या मैत्रिणीने वारसनोंदीबद्दल सांगितलं. मी वीस वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे मी एआयवर बोलणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. पत्रिकेत माझा विषय वाचल्यावर ग्रुपवर लगेच प्रश्न आला, "काहून वं, पुण्यात गॅरेज टाकून राहिली का?"

गॅरेज टाकलेलं नाही. पण माझी पदवी मेकॅनिकलची आहे. आमच्या वेळी मेकॅनिकल असो की सिव्हिल, कॅम्पसमधून सगळी पोरं सॉफ्टवेअरलाच गेली, तशी मीही गेले. मधली वीस वर्षं हाताला ग्रीस लागलं नाही. गेल्या हिवाळ्यात लागलं, आणि ते का लागलं हे सांगायचं म्हणजे आधी दादाबद्दल सांगावं लागेल.

दादा आपल्याच शाळेचा, आपल्या चार वर्षं पुढे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून नेहरू मैदान गाठलेलं आहे. तो आता अकोट तालुक्यात शेती करतो. संत्रा, कपाशी, तूर. पाच वर्षांपूर्वी मूर्तिजापूरजवळ मोटारसायकलवरून पडला आणि डाव्या पायाचा घोटा गेला. ऑपरेशनं झाली, रॉड पडले, घोटा जुळला, पण तो आता वाकत नाही. चालताना फारसं कळत नाही. क्लच मात्र दाबता येत नाही.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती बोलेरो पिकअप, आणि तिला क्लच असतोच. दादाची पिकअप दोन वर्षं ड्रायव्हरच्या भरवशावर चालली. ज्यांची शेती आहे त्यांना माहीत आहे, की ओलिताची लाइन एक आठवडा दिवसाची असते आणि एक आठवडा रात्रीची. रात्री दोनला लाइन येणार म्हणून कोणता ड्रायव्हर उठून येईल? दादा खाटेवर पडून मोटार सुरू झाली असेल का याचा विचार करत बसायचा. वहिनी मला फोनवर म्हणाली, "यायचा पाय बरा झाला वो ताई, पर हे घरातच बसून राह्यले." पायापेक्षा ते बसून राहणं तिला जास्त जड जात होतं.

म्हणून मी ऑटोमॅटिक डिझेल पिकअप शोधायला लागले. भारतात अशा गाड्या मोजक्याच. इसुझूच्या व्ही-क्रॉसमध्ये ऑटोमॅटिक मिळते, टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. नव्या गाडीची किंमत ऐकून दादाने विषयच बंद केला. शेवटी पुण्यात एक वापरलेली मिळाली. ८६ हजार किलोमीटर चाललेली, दुसरा मालक विकत होता. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. डॉक्टरांचा कागद, आरटीओची कामं हे सगळं रीतसर करून घेतलं. आणि त्या आठवड्यात दादा रात्री दोनला एकटा शेतात जाऊन मोटार सुरू करून आला. मी पुण्यात होते, त्याने तिथून फोटो पाठवला. फोटोत अंधार आणि एक बल्ब, बाकी काही दिसत नव्हतं.

चार महिन्यांनी तो म्हणाला, गाडी थरथरते. ताशी पन्नास-साठच्या वेगात, पाय स्थिर ठेवला की एक-दोन सेकंद अशी कंप पावते, जणू रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून चाललीय. मग थांबते. त्याने दोष रस्त्याला दिला. अकोला-अकोट रस्त्याचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, त्याचं फारसं चुकलं नाही.

पण नंतर तो अमरावतीला आला, राष्ट्रीय महामार्ग ५३ वरून. जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यात एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं, तो हा रस्ता. आपण त्या वेळी ग्रुपवर तीन दिवस तेच फॉरवर्ड फिरवत होतो. त्या गुळगुळीत रस्त्यावरही गाडी थरथरली. म्हणजे रस्ता सुटला, गाडी अडकली. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हेच करतो. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं, आणि दोष जातो की राहतो ते पाहायचं. विक्रमी रस्त्याचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला नसेल.

आता गिअरबॉक्सच्या आत जाऊ. विज्ञानाचे सर समोर बसले आहेत, त्यामुळे जरा जपून सांगते.

समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा. एकाला करंट द्या, दुसऱ्याला देऊ नका. पहिल्याच्या हवेने दुसऱ्याची पातीही फिरायला लागतात. ऑटोमॅटिकमधल्या टॉर्क कन्व्हर्टरचं मूळ इतकंच आहे. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, आणि मधे हवेच्या जागी तेल. इंजिन आणि चाकं यांच्यात लोखंडाला लोखंड भिडत नाही, म्हणून सिग्नलवर गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही आणि क्लचची गरज पडत नाही. ही कल्पना हर्मान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरची. १९०५ मध्ये त्याने पेटंट घेतलं ते जहाजांसाठी. मोटारीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आला तो अमेरिकेत, १९४० च्या ओल्ड्समोबिलपासून.

हे झालं पहिलं काम. दुसरं काम सरांचं आहे. आठवतंय, सरांनी एक मोठी आणि एक लहान सिरिंज सलाइनच्या नळीने जोडून आणली होती? लहानीचा दट्ट्या बोटाने दाबला की मोठीवर ठेवलेली पुस्तकं वर उचलली जायची. पास्कलचा नियम. गिअरबॉक्समध्ये गिअर बदलणारा हात तोच. पंप तेलाला दाब देतो, कॉम्प्युटर छोट्या झडपा उघडतो-मिटतो, आणि तेलाचा दाब क्लच प्लेटांचे गठ्ठे आवळतो. त्या क्षणी दुसरा गिअर सुटतो आणि तिसरा पडतो. सर, तुमच्या त्या सिरिंजा आज अर्ध्या हॉलच्या गाड्यांत आहेत.

तिसरं काम वंगणाचं, चौथं उष्णता वाहून नेण्याचं. आणि पाचवं काम जे आहे ते विचित्र आहे. तेलाचं काम घसरवणं, पण इथे ठरावीक जागी त्याला घसरू द्यायचं नसतं. क्लच प्लेटा तेलात भिजलेल्याच असतात आणि तशाच त्यांनी एकमेकींना पकडायचं असतं. ती पकड हळूच यावी, झटका बसू नये, यासाठी तेलात खास रसायनं असतात. पूर्वी यासाठी स्पर्म व्हेलचं तेल वापरत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेने त्यावर बंदी आणली आणि तेल कंपन्यांना नवी रसायनं शोधावी लागली. व्हेल वाचावा म्हणून गिअरबॉक्सचं तेल बदललं, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

इंजिन ऑइल मुख्यतः वंगण आणि थंडावा देतं. ऑटोमॅटिकचं तेल हा स्वतः यंत्राचा एक भाग आहे. आणि तो झिजतो. सगळ्यात जास्त उष्णतेने. रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे, तापमान दहा अंशांनी वाढलं की प्रक्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, म्हणजे तेलाचं वयही तितक्या वेगाने वाढतं. आता आपला मे महिना आठवा. अकोल्यात सावलीतच ४५. त्यात डिझेल इंजिन, जे कमी फेऱ्यांतच भरपूर जोर लावतं. मागे खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं. वापर असा असेल तर तेल लवकर बदला असं बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण वेगळ्या पानावर, 'खडतर वापर' अशा मथळ्याखाली, बारीक अक्षरात. आपल्याकडे उन्हाळा हाच खडतर वापर आहे. घाट चढायला चिखलदऱ्यालाच जायला पाहिजे असं नाही.

थरथरीचं कारणही यातच होतं. स्थिर वेगात ते दोन पंखे एकमेकांवर घसरत राहिले तर डिझेल वाया जातं. म्हणून आत एक प्लेट असते, ती दोन्हींना एकत्र जखडते. तेलातली रसायनं संपली की ही प्लेट पकडते, सुटते, परत पकडते, सेकंदाला कितीतरी वेळा. तीच दादाची थरथर.

मी तीन ठिकाणी विचारलं. अधिकृत सर्व्हिस सेंटरने सांगितलं, हे तेल आयुष्यभरासाठी आहे, बदलायचं नसतं. अमरावतीत एका ओळखीच्या गॅरेजवाल्याने सांगितलं, "ऑटोमॅटिकचं तेल बदलू नका ताई. बदललं की गिअर पडायचेच बंद होतात. तीन गाड्या पाह्यल्या म्या." आणि अकोल्याच्या एमआयडीसीतले मिस्त्रीकाका म्हणाले, "आधी पाहू तं द्या काय हाये आतमधी."

पहिल्या उत्तराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आयुष्यभर म्हणजे कोणाचं आयुष्य? कागदावर ते गाडीचं असतं. व्यवहारात ते पहिल्या मालकाचं आणि वॉरंटीचं असतं. गाडी चार-पाच वर्षांत विकली जाते, तोवर तेल टिकतं, कोणाची तक्रार येत नाही. आपल्या गावाकडे गाडी येते ती त्यानंतर. शहरातला पहिला मालक सोडून देतो तिथून आपल्याकडे वापर सुरू होतो आणि पुढे पंधरा वर्षं चालतो. ती पंधरा वर्षं कोणी मोजलेली नसतात.

दुसऱ्या उत्तरावर मी जास्त विचार केला, कारण तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याने तीन गाड्या खरंच पाहिल्या असतील. पण लोक तेल बदलायला कधी येतात? गिअर घसरायला लागल्यावर. म्हणजे प्लेटा आधीच झिजलेल्या. त्यांची झिजलेली पूड जुन्या तेलात तरंगत असते आणि तीच थोडीफार पकड देत असते. नवं स्वच्छ तेल घातलं की तीही जाते आणि गाडी उभी राहते. दोष दिसतो तेलाला, कारण शेवटचा हात त्याचा लागला. आमच्याकडेही असंच होतं. शुक्रवारी ज्याने शेवटचा बदल केला, सोमवारच्या सगळ्या बिघाडाचा धनी तोच.

पण यातून एक खरी भीती उरतेच. दादाची गाडी कोणत्या बाजूला होती? तेलच फक्त म्हातारं झालं होतं, की प्लेटाही गेल्या होत्या? आधीच्या दोन मालकांनी तेल कधी बदललं, बदललं की नाही, याचा एकही कागद नव्हता. गिअरबॉक्स उघडून दुरुस्त करायचा तर दोन लाखांच्या वर खर्च आणि गाडी मुंबई-पुण्याला न्यायची. तेवढे पैसे लावायची दादाची तयारी नव्हती. म्हणजे गाडी विकायची आणि पुन्हा खाट. तो म्हणाला, "थरथरू दे, चालून राहिली ना." थरथर तशीच ठेवली तर ती प्लेट जाळून टाकणार, हे मला दिसत होतं. बदललं तर धोका, नाही बदललं तर उशिरा का होईना नुकसान पक्कं.

मिस्त्रीकाकांनी आणि मी ठरवलं ते असं: आधी थोडंसं तेल काढून पाहायचं. त्यात जळका वास आणि चमकणारे कण असले तर तसंच बंद करून गप्प बसायचं. तसं नसलं तर बदलायचं, पण एका दमात सगळं नाही. मशीन लावून दाबाने धुऊन काढणारेही आहेत. ज्या गाडीचा इतिहास माहीत नाही तिला मी ते करणार नाही. दाबाने सुटलेला गाळ नेमका त्या बारीक झडपांत जाऊन बसू शकतो.

डिसेंबरमधली सकाळ निवडली, साडेसहाची. मुद्दाम. ते का, ते सांगते.

काकांनी खड्ड्यावर गाडी लावली आणि चारी बाजूंनी लेव्हल पाहिली. मी पाना घेऊन खालच्या नटाकडे हात नेला तसे ते म्हणाले, "थांबा मॅडम. आधी भरायचा नट खोला, मंग काढायचा. भरायचाच नाही खुलला तं गाडी इथंच राह्यते." हे वाक्य कुठल्याही पुस्तकापेक्षा मोलाचं आहे. तेल काढून टाकलं आणि वरचा नट गंजून बसला असला, तर गाडी चालवता येत नाही आणि चाकं जमिनीवर ठेवून ओढतही नेता येत नाही, कारण तेलाशिवाय आतले भाग फिरतात आणि खरडले जातात.

वरचा नट सुटला. मग खालचा. कपभर तेल काढून वर्तमानपत्रावर एक थेंब टाकला. हे तेल मूळचं लाल असतं. त्या लाल रंगाचा तेलाच्या कामाशी संबंध नाही. गळती झाली तर इंजिन ऑइल गळतंय की गिअरबॉक्सचं हे कळावं म्हणून तो घालतात. आमचं निघालं दुधाशिवायच्या चहासारखं, गडद तांबूस-तपकिरी. वास जुनाट होता, जळका नव्हता. गुलाबी लस्सीसारखं निघालं असतं तर रेडिएटरमधून कुलंट मिसळलंय असा अर्थ झाला असता, आणि तो वेगळाच आजार. चमकणारे कण नव्हते. काकांनी दोन बोटांत चोळून पाहिलं, मला चोळायला लावलं, आणि म्हणाले, "चालते."

बाकीचं तेल काढलं. चेंबर खाली घेतला. आत चुंबकं बसवलेली असतात, झिजेचं लोखंड धरून ठेवायला. त्यांवर काळसर, लोण्यासारखा मऊ थर होता. हा असायचाच. टोकदार तुकडे असते तर काळजी. चुंबकं पुसली, फिल्टर नवा, पॅकिंग नवं, आणि चेंबरचे बोल्ट हलक्या हाताने. हे बोल्ट लहान असतात आणि अॅल्युमिनियममध्ये बसतात. ताकद दाखवली की आटे जातात. गॅरेजमधला पोरगा मला हे काम देताना अडखळत होता आणि माझ्याऐवजी सारखा दादाकडे पाहून विचारत होता. दादा म्हणाला, "तिलेच विचार, मले काही समजत नाही त्यातलं."

निघालेलं तेल आम्ही खुणा केलेल्या पाण्याच्या बाटल्यांत मोजलं. ४.२ लिटर. गिअरबॉक्समध्ये एकूण मावतं साडेनऊच्या आसपास. उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरच्या नळ्यांत बसलेलं, ते नटातून येतच नाही. उन्हाळ्यात कुलरच्या टाकीतलं खारं पाणी आपण अर्धं काढतो आणि वरून नवं भरतो, तसं हे. गणिताच्या मॅडम, हे तुमचं. एका वेळी ४४ टक्के तेल नवं होतं. दुसऱ्या वेळी ६९. तिसऱ्या वेळी ८३. चौथ्या वेळी ९०. चौथ्या वेळेला खर्च तेवढाच आणि फायदा सातच टक्के, म्हणून आम्ही तीनवर थांबायचं ठरवलं, प्रत्येक वेळी मधे हजारभर किलोमीटर गाडी चालवून. यात आणखी एक सोय होती. गाडी नव्या तेलाला हळूहळू सरावते, आणि काही बिघडायचं असेल तर पहिल्याच टप्प्यात दिसतं.

आता सकाळच्या साडेसहाचं. बऱ्याच नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत तेल मोजायला पट्टी नसते. चेंबरला एक तपासणीचा नट असतो. तेल ठरावीक तापमानाला आलं की इंजिन चालू ठेवून तो उघडायचा. जास्तीचं तेल ओघळतं, आणि धार बारीक होऊन थेंबाथेंबावर आली की बंद करायचा. ते ठरावीक तापमान बऱ्याच गाड्यांत ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असतं. तेल तापलं की फुगतं. गरम तेलावर पातळी ठरवली तर नंतर ते कमी पडतं, पंप हवा ओढतो. थंडावर ठरवली तर जास्त होतं आणि फेस येतो. हे मॅन्युअल लिहिणाऱ्याने अकोल्याचा मे पाहिलेला नसावा. दुपारी उभ्या असलेल्या गाडीतलं तेल सुरू करायच्या आधीच त्या मर्यादेच्या बाहेर असणार. डिसेंबरमध्ये सकाळी हवा १२-१३ अंशांवर होती, तेल सावकाश तापत गेलं.

इथे मात्र माझी नोकरी कामाला आली. गाडीच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं आणि फोनवर तेलाचं तापमान पाहत बसले. ब्रेकवर पाय ठेवून दादाने पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह असे सगळे गिअर दोनदोनदा फिरवले. ३६ झाले, ३८ झाले. मी "आता" म्हटलं आणि काकांनी नट उघडला. अर्धा कप ओघळलं, धार दोऱ्यासारखी झाली, नट बंद. काकांनी तो फोन हातात घेऊन उलटसुलट पाहिला. आजवर ते हाताने चेंबर चाचपून अंदाज घेत. त्यांचा अंदाज ४० होता. यंत्र ३९ दाखवत होतं.

पहिल्या बदलानंतर थरथर कमी झाली, गेली नाही. हजार किलोमीटरनंतर दुसरा बदल केला. जानेवारीअखेर दादाचा फोन आला, महामार्गावर माना ते बडनेरा एकदाही थरथरली नाही. तिसरा बदल फेब्रुवारीत, ऊन वाढायच्या आत केला. सकाळी थंड गाडी रिव्हर्समध्ये टाकली की एक हलका 'टक्' अजून होतो. काका म्हणतात तो राहू द्या. मला तो खटकतो, पण त्यासाठी गिअरबॉक्स उघडायचा नाही यावर आमचं एकमत आहे. तीन वेळचं तेल, फिल्टर, पॅकिंग आणि मजुरी सगळं धरून दुरुस्तीच्या खर्चाचा दहावा हिस्साही लागला नाही.

निघालेलं तेल दादाला घरी न्यायचं होतं, कुंपणाच्या लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून. आपल्याकडे सगळेच लावतात, बैलगाडीलाही लावायचे. मी नेऊ दिलं नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे, आणि आपल्या खांबांपासून विहीर पन्नास पावलांवर. काकांकडे पिंप आहे, पुनर्वापरवाला येऊन नेतो. दादा अजून त्यावरून बोलतो.

आता तुमच्यासाठी. काल चहाच्या वेळी मोजलं, आपल्यापैकी अकरा जणांनी गुडघ्यांमुळे किंवा पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमुळे ऑटोमॅटिक घेतलीय आणि त्यातल्या सहा गाड्या वापरलेल्या आहेत. सगळ्या ऑटोमॅटिक एक नसतात. स्वस्त गाड्यांत बहुतेक एएमटी असते, म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच दाबायचं काम मात्र यंत्र करतं. त्याला साधं गिअर ऑइल लागतं. सीव्हीटीला तिचं वेगळं तेल, दोन क्लचवाल्या डीसीटीला वेगळं. दादाच्या गाडीसारख्या टॉर्क कन्व्हर्टरवालीला वेगळं, आणि त्यातही कंपनीगणिक प्रमाण वेगळं. सीव्हीटीत दुसरं तेल घातलं तर आतला पट्टा घसरतो आणि गिअरबॉक्स संपतो. दुकानदार लाल रंग दाखवून "हेच चालते" म्हणेल. रंगावर जाऊ नका. मॅन्युअलमध्ये जो कोड लिहिला आहे तोच डब्यावर शब्दशः छापलेला हवा.

जेवणानंतर मी मागच्या वऱ्हांड्यात बसते. ज्यांच्या गाड्या आहेत त्यांनी मॅन्युअलचं तेलाच्या मापांचं पान आणि किलोमीटरचा आकडा, दोन्हींचे फोटो घेऊन या. ज्यांचं मॅन्युअल आधीच्या मालकाकडेच राहिलं, त्यांनी आरसी बुक आणा, त्यावरून मॉडेल पाहून शोधू. दादाची गाडी बाहेर चिंचेखाली उभी आहे. खाली वाकून कोणता नट भरायचा आणि कोणता काढायचा हे पाहायचं असेल तर तो दाखवेल. आता त्याला सगळं समजतं.